हिरव्या झाकणाची डबी

प्रिय बारके,

एकाच गावात, दोन बसस्टॉप सोडून राहणाऱ्या बहिणीला पत्र लिहायचं म्हणजे जरा चमत्कारिकच. पण फोन तू उचलत नाहीस, आणि मेसेज अर्धा वाचून सोडून द्यायची तुझी सवय मला ठाऊक आहे. कागद हातात पडला की निदान शेवटपर्यंत वाचशील. पार्लरमध्ये कुणी नसताना वाच आणि घरी दुसऱ्या कुणाला दाखवू नकोस. का, ते ओघात येईलच.

आमच्या पोहण्याच्या तलावावर सीझन सुरू झालाय. ऊन तापलं की बायकांच्या बॅचला कशी झुंबड उडते ते तू पाहिलंयसच. वर्षभर ज्या इकडे फिरकत नाहीत त्या टॉवेल घट्ट गुंडाळून, पेंग्विनसारख्या तुरुतुरु चालत पायऱ्यांपर्यंत येतात आणि अगदी शेवटच्या क्षणी टॉवेल टाकून पाण्यात शिरतात. "मॅडम, पायांचं वॅक्सिंग राहूनच गेलं हो," हे मला दर उन्हाळ्यात ऐकावं लागतं, जसं काही मी गृहपाठच तपासायला उभी आहे. मी सांगते, बायांनो, आधी पाय मारायला शिका, पायांवर केस आहेत की नाहीत ते पाणी विचारत नाही. फारच जिवाला लागत असेल तर आदल्या दिवशी कोरड्या अंगावरून छोटा ट्रिमर फिरवा, अगदी गुळगुळीत नाही झालं म्हणून कुणी बुडत नाही. नाहीतर गुडघ्यापर्यंतचा कॉश्च्युम घ्या आणि तेवढेही कष्ट वाचवा. माझ्या पोटऱ्या तुला माहीतच आहेत. आमच्या बॅचमधल्या बँकेतल्या बाई मागे म्हणाल्या, "तुमचं बरंय मॅडम, तुम्हाला कुणी काही बोलत नाही." बोलतात की. पण माझ्या गळ्यात शिट्टी असते.

या वर्षी मात्र ती तक्रार कानावर आलीच नाही. पहिल्याच आठवड्यात टॉवेल पायऱ्यांच्या कितीतरी आधी गळून पडायला लागले. हात, पाय, काखा, सगळं धुतलेल्या काचेसारखं. मला आधी बरंच वाटलं. मग खटकायला लागलं. त्या दातांच्या डॉक्टरीणबाई बघ, शेवटच्या पेशंटला खुर्चीतून उठवून धावत येतात, जेवायला त्यांना सवड नसते, आणि त्यांचे पाय असे? मी सहज विचारलं, "एवढा वेळ काढता कुठून?" त्या हसल्या आणि बँकेतल्या बाईंकडे बघितलं. बँकेतल्या बाईंनी टोपीत केस कोंबायला घेतले, जे आधीच कोंबलेले होते. त्यानंतर माझ्या लक्षात यायला लागलं की मी कपडे बदलायच्या खोलीत शिरले की बोलणं थांबतं. साबणाचा फेस, नळाचं पाणी, लॉकरच्या किल्ल्या, एवढाच आवाज. मी म्हटलं, झालं, माझ्या पोटऱ्यांचा विषय चालला असणार.

तुला आठवतं ना, हा विषय आपल्या दोघींना लहानपणापासून पुरलाय. अंग बाबांवर गेलेलं. आत्या आपले हात उचलून बघायची आणि "मुलगे असते तर शोभलं असतं गं" म्हणत परत खाली ठेवायची. मी आत्याला उलट उत्तर द्यायची, तू मात्र आत जाऊन खरखरीत दगडानं हात घासायचीस. मग बारा वर्षांची असताना तू स्वतःच शोध लावलास. दंतमंजन, चुना आणि देव जाणे आणखी काय काय कालवून लेप केलास आणि गळ घातलीस, "ताई, आधी तुझ्यावर बघू या ना." मी हात पुढे केला. मी तुझ्यासाठी हात पुढे करणारच, हे तू तेव्हाही गृहीत धरलं होतंस. केस काही गेले नाहीत, कातडी मात्र अशी भाजली की आईनं मला मोरीत बसवून बादल्यांवर बादल्या ओतल्या. तू दुपारभर रडत माझ्या हातावर फुंकर घालत बसलीस. मला त्या भाजण्याचं काही वाटलं नव्हतं बारके, खरंच. तू पुढं पार्लर काढलंस तेव्हा मी सगळ्यांना कौतुकानं सांगायची, हिला लहानपणापासूनच नाद. एक खुर्ची, एक पडदा आणि वॅक्सची पट्टी ओढली की लगेच फुंकर घालणारी तू. शाळेतल्या मुली रडत यायच्या आणि तू त्यांना म्हणायचीस, "काढलंच पाहिजे असं काही नाही हं, तुला हवं असेल तरच काढू." असं म्हणणारी पार्लरवाली मी दुसरी पाहिली नाही.

तर तलावाचं सांगत होते. दुसऱ्या आठवड्यात पुरळ सुरू झाले. आधी नव्या लग्नाच्या मुलीच्या काखेत, मग बँकेतल्या बाईंच्या मांडीवर, मग आणखी तिघीचौघींना. लाल चट्टे, वर बारीक फोड, पाण्यात उतरलं की आग. साहजिकच सगळ्यांनी क्लोरीनकडे बोट दाखवलं. मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "मॅडम, औषध अंदाजानं टाकताय का हल्ली?" माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याच्यासमोर तलावाचं पाणी काचेच्या नळीत घेतलं, थेंब टाकले, रंग दाखवला. पाणी व्यवस्थित होतं. मग मला सफाईवाल्या मावशींचा संशय आला, की फरशीचं ॲसिड बाकांवर मारलं की काय. त्यांचा ॲसिडचा डबा हुंगून पाहिला, तर त्या म्हणाल्या, "मॅडम, मी पण याच बाकावर बसून डबा खाते. मला का नाही झालं?" बरोबर होतं. मलाही झालं नव्हतं. पुरुषांच्या बॅचला नव्हतं, पोरांच्या नव्हतं. ज्यांचे पाय काचेसारखे झाले होते, नेमक्या त्याच खाजवत होत्या.

एकदा मनात आलं की मग डोळे तिकडेच जातात. बायका आंघोळीला गेल्या की मी बाकावरच्या पिशव्यांकडे बघायला लागले. हे चांगलं नाही, मला कळत होतं. दोघींच्या पिशवीत एकसारखी डबी दिसली, पांढरी, हिरव्या झाकणाची, लेबल नाही. नव्या लग्नाच्या मुलीनं माझ्यादेखत ती उघडली. वरून गुलाबाचा वास आला आणि त्याच्या खालून दुसरा, नासलेल्या अंड्यासारखा. केस काढायच्या सगळ्याच क्रीमना थोडा असतो तो, मला माहीत आहे. पण हा थोडा नव्हता. आणि बारके, हा वास मी आधी कुठेतरी घेतला होता. कुठे, ते तेव्हा काही केल्या आठवेना.

"कुठून घेतलंत?" विचारलं तर त्या मुलीनं डबी पिशवीत टाकली. बँकेतल्या बाई म्हणाल्या, "ओळखीतल्या एक आहेत." शेवटी डॉक्टरीणबाईंनीच पोहून झाल्यावर मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "मॅडम, नाटक कशाला करताय? तुमच्या घरचंच आहे ना ते? लावायचं, तीन मिनिटांत पुसायचं, महिनाभर बघायला नको. आम्हाला वाटलं, तलावावरच्या बायका तुम्हीच तुमच्या बहिणीकडे पाठवताय." म्हणजे इतके दिवस मी त्यांच्यावर संशय घेत होते आणि त्या माझ्यावर. मी म्हणाले, "मला यातलं काहीच माहीत नाही." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मलाच माझं बोलणं खोटं वाटायला लागलं. पण जाताना त्यांनी आपली अर्धी वापरलेली डबी माझ्या हातावर ठेवली.

त्याच संध्याकाळी मी तुझ्याकडे आले होते. तुला वाटलं, सहज आली. समोरच्या काचेच्या नव्या पार्लरमध्ये थंडगार हवा, रांगेत खुर्च्या आणि आत जाऊन बसायला बायकांची गर्दी, ते मी पाहिलं. तुझ्या खुर्चीचा फाटलेला हात तू चिकटपट्टीनं सांधलेला पाहिला. वॅक्सचं भांडं थंड होतं आणि त्यावर धूळ होती. तू चहा केलास, पण कप देताना हातातले रबरी मोजे काढले नाहीस. मी म्हटलं, अगं काढ ते, चहा पिताना कशाला? तू म्हणालीस, हातांना ॲलर्जी झालीय. मोज्याच्या मनगटापाशी तुझी कातडी सोललेली होती. तुझी टिल्ली शाळेतून आली, दप्तर ठेवायला मागच्या खोलीकडे वळली आणि तू एवढ्या जोरात ओरडलीस की पोर जागीच थांबली. "आई हल्ली कुलूपच लावते," ती मला म्हणाली. त्या खोलीच्या खिडकीला आतून वर्तमानपत्र चिकटवलेलं होतं.

मग मी मुद्दाम विषय काढला. म्हटलं, तुझं ते नवीन क्रीम फार गाजतंय, मलाही एक डबी दे. एकदा बघू तरी काचेसारखं होऊन. मी हसत म्हणाले, पण माझं सगळं लक्ष तुझ्या तोंडाकडे होतं. तू हसली नाहीस. "तुला नको ते. तुझ्या स्किनला सूट नाही होणार." आणि खणातून तो छोटा ट्रिमर काढून माझ्या हातात कोंबलास. "हा वापर. हा बरा." मी विचारलं, टिल्लीला काय वापरतेस? तू म्हणालीस, "तिला काही लावत नाही मी." बारके, ज्या मुलीनं चुन्याचा लेप पहिल्यांदा माझ्याच हातावर थापला, तिनं आज बाहेरच्या बायकांना द्यायची डबी मला द्यायचं नाकारलं. बसमध्ये ट्रिमर मांडीवर घेऊन मी एवढाच विचार करत होते. मला वाचवायचं सुचलं, म्हणजे कशापासून वाचवायचं ते तुला माहीत होतं.

आणि तो वास तेव्हा बसमध्येच आठवला. तुझं नवीन लग्न झालं होतं, मेव्हणे चामड्याच्या कारखान्यात लागले होते. तुमच्या गॅलरीत त्यांचा कामाचा शर्ट वाळत असायचा आणि तू नाक दाबून म्हणायचीस, कितीही धुवा, जात नाही मेला. मेव्हण्यांनीच तेव्हा हौसेनं सांगितलं होतं, कातडं आलं की त्यावरचे केस आधी औषधानं उतरवावे लागतात, बघता बघता साफ होतं. आता ते तिथलं स्टोअर सांभाळतात. मी कुणावर आळ घेत नाही. मी डोळ्यांनी काही पाहिलेलं नाही. पण हे पत्र त्यांच्या हाती लागू देऊ नकोस म्हटलं ते यासाठी, की मागच्या खोलीत जे काही असेल ते रातोरात नाहीसं होईल अशी मला भीती आहे. यात पहिला हात त्यांचा की तुझा, तेही मला कळलेलं नाही. दुकान बंद पडायला आलं असताना मला येऊन का नाही सांगितलंस, हे तर त्याहून कळत नाही.

दुसऱ्या दिवशी मी बॅच पाण्यात उतरवलीच नाही. सगळ्यांना काठावर उभं करून सांगितलं, हिरव्या झाकणाच्या डब्या वापरायच्या नाहीत, असतील त्या मला आणून द्या, विकणारी माझी बहीण असली तरी. कुणी नाक मुरडलं, कुणी दिल्या. नव्या लग्नाची मुलगी रडायलाच लागली. पण त्या दिवशी डुबकी आली नव्हती. डुबकी म्हणजे आमची ती कॉलेजची मुलगी, जिला पोहायला येत नाही पण श्वास रोखून तळाशी बसायला फार आवडतं. तिच्याबद्दल मी तुला सांगितलंय. तुझ्याकडेही ती येते, शिवणकाम करणाऱ्या बाईंची मुलगी. तिच्या कॉलेजची सहल समुद्रावर जाणार होती. मैत्रिणींनी सगळ्यांसाठी सारखे कॉश्च्युम घेतले होते आणि तिला आयुष्यात पहिल्यांदा टॉवेलशिवाय पाण्यापर्यंत चालत जायचं होतं. हे तिनं मलाच सांगितलं होतं, काठाला धरून पाय मारता मारता. मी नेहमीसारखं म्हटलं, ट्रिमर फिरव आणि जा. ती म्हणाली, "मॅडम, मला केस पूर्ण गेलेले हवेत."

तिनं तीन मिनिटं ठेवलं नाही. जास्त ठेवलं, जास्त साफ होईल म्हणून. मांड्यांच्या आतल्या बाजूला, खूप वरपर्यंत. आग झाली तेव्हा लाजेनं कुणाला सांगितलं नाही, वर पावडर मारली आणि पुढचा दिवस तशीच कॉलेजला जाऊन आली. ताप चढून ती जिन्यात पडली तेव्हा कुठे आईला कळलं. आता ती हॉस्पिटलात आहे. मी तिला पाहिलं. पायांवरची चादर वर तंबूसारखी उचलून धरलीय, कारण कापडाचा स्पर्श सहन होत नाही. जखम वरवरची नाही, खाली खोल गेलीय. कातडी लावावी लागेल का, ते दोन दिवसांत ठरेल, असं वॉर्डातल्या डॉक्टर म्हणाल्या. काय लावलं होतं, म्हणून त्या विचारतात तर पोरगी भिंतीकडे तोंड करते. मी वाकले तेव्हा माझ्या कानात म्हणाली, "मॅडम, पार्लरच्या ताईंचं नाव नका घेऊ. त्या चांगल्या आहेत. त्यांनी मला आधी नाहीच म्हटलं होतं, मीच हट्ट केला." म्हणजे तिलाही तू नाही म्हणाली होतीस. आणि मग दिलीस.

मी हे पत्र वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. का लिहितेय, ते आता सांगते. नाव मी घेतलं. डॉक्टरांना तुझं नाव सांगितलं, ती अर्धी डबी दिली आणि कारखान्याबद्दलचा माझा संशयही सांगितला. शिवणकामवाल्या बाई शेजारीच उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत, मला एवढंच विचारलं, "तुमची सख्खी बहीण?" मी हो म्हटलं. उद्या सकाळी त्या भावाला घेऊन चौकीत जाणार आहेत आणि मी त्यांना थांबवलेलं नाही, पुढेही थांबवणार नाही. पण डबीतलं तपासून कळायला वेळ लागेल, आणि डॉक्टरांना ते आज हवंय. नुसत्या माझ्या नाकावर विसंबून त्या औषध देऊ शकत नाहीत. तर कुलूप काढ. आत कॅन असेल, पिंप असेल, जे असेल त्यावरचं नाव लिहून घे, त्यात काय आणि किती मिसळलंस ते लिही, आणि संध्याकाळच्या आत स्वतः इथे घेऊन ये. काहीही ओतून टाकू नकोस. मेव्हण्यांना विचारत बसू नकोस. दुपारी तुझं पार्लर बंद असेल तेव्हा हे शटरखालून सरकवीन आणि परत इथेच येऊन बसेन. पहिला मजला, डावीकडचा वॉर्ड. तू येशील असं मला वाटतं, पण या आठवड्यात मला तुझ्याबद्दल जे जे वाटत होतं त्यातलं निम्मं खोटं निघालं, म्हणून खात्री नाही. मी जिन्याकडे तोंड करून बसलेय.

तुझीच,
ताई